टेलचं पाणी

"उज्ज्वला, टेपचं ते टोक धर. आणि शिरोडेकाकू बाहेर आल्या तर सांग, भिंतीला रंग द्यायचाय."

"तात्या, रंग द्यायला कोणी भिंत मोजतं का?"

"ओव्हरसिअर मी होतो की तू?"

मी गप टेप धरली. तात्या म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले. आमच्या आणि शिरोडेकाकूंच्या बंगल्यामधल्या कंपाउंडच्या भिंतीपाशी ते उकिडवे बसले होते आणि कानामागची पेन्सिल काढून विटांवर खुणा करत होते. गणपती बसलेले होते, घरात मोदकांचा वास होता आणि म्हातारा चोरासारखा भिंत मोजत होता.

"एवढं फाटक बसेल," ते हळूच म्हणाले. "बापूला वाकावं लागणार नाही. गुडघा दुखला तरी चार पावलांत आपल्या ओट्यावर."

बापूकाका त्यांचे थोरले भाऊ. डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहायचे. लिफ्ट नाही. त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झालेली, एकुलती मुलगी इंदूरला दिलेली, आणि गुडघ्यांनी असा संप पुकारलेला की भाजी आणायला उतरायचं तर आदल्या दिवशी ठरवावं लागे. दोघा भावांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. दर रविवारी सकाळी फोन यायचा आणि दोघं तासभर बोलायचे. बोलायचे काय, तर तिकडे दुधी कसा मिळतो आणि इकडे कसा मिळतो.

शिरोडेकाकूंचा मुलगा हैदराबादला होता. तो आईला घेऊन जाणार, बंगला विकणार, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून तात्यांनी मनात घेतलं होतं, की ते घर बापूचं. भिंतीला भिंत. बापूकाकांनी डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा आणि इथं यायचं. बापूकाका तर एका पायावर तयार होते. म्हणजे त्यांना तेवढाच एक बरा होता, असं तेच म्हणायचे.

मग अडलं कुठं? अडलं तात्यांच्या हुशारीत.

श्रावणात बापूकाकांच्या फ्लॅटला गिऱ्हाईक आलं होतं. तात्यांनी फोनवरच निकाल दिला, "देऊ नकोस. थांब."

"अरे पण माणूस चांगला आहे, पैसेही बरे देतोय."

"बापू, तू औषधाच्या कंपनीत बाटल्या मोजल्यास. मी जन्मभर कालव्यावर काढला. भावाचं आणि पाण्याचं एकच असतं. धरणाचं दार उघडलं की पाणी आधी हेडला, मग मध्यावर, सगळ्यात शेवटी टेलला. मुंबईला दार उघडलंय. ठाण्याला पाणी भरलं. आता तुमच्या डोंबिवलीला येतंय. आणि आम्ही टेलला. नाशिकला यायला अजून वर्ष-दीड वर्ष. तुझं शेत भिजू दे, मग तू वीक. इथलं अजून कोरडंच असेल, तेव्हा घे. मधल्यामध्ये चार पैसे गाठीला राहतील तुझ्या."

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. पटण्यासारखं होतं हो सगळं. तात्यांचं कुठलंही बोलणं ऐकताना पटायचंच. आणि ते चार पैसे त्यांना स्वतःला नको होते, हेही सांगितलं पाहिजे. थोरल्या भावानं त्यांना शिकवलं होतं, डिप्लोमाची फी भरायला स्वतःचं लग्न दोन वर्षं लांबवलं होतं. त्या भावाच्या म्हातारपणी त्याच्या गाठीला काही राहावं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

"निदान काकूंना सांगून तर ठेवा," भिंत मोजून झाल्यावर मी म्हटलं. "म्हणावं, बापूकाकांसाठी हवंय. शब्द टाकून ठेवा."

"म्हणजे लगेच भाव वाढवतील. गरजवंताला अक्कल नसते हे त्यांना दाखवू का मी? दसऱ्याला बोलू. मुहूर्तही चांगला. आता गणपती संपले की पितृपक्ष. पंधरा दिवस घराचं नाव कोणी काढत नाही. घर कुठं पळून जातंय?"

बापूकाकांनाही त्यांनी बजावलं, "ठरेपर्यंत कोणापाशी बोलायचं नाही. दृष्ट लागते." बापूकाका जन्मात धाकट्याच्या शब्दाबाहेर गेले नव्हते. ते म्हणाले, "बरं बाबा, तोंडाला कुलूप."

फाटक मात्र तात्यांनी सातपूरच्या फॅब्रिकेटरकडून लगेच करून आणलं. छोटंसं, कमरेएवढं, वर लोखंडी कमळ. रिक्षातून उतरवताना नेमक्या शिरोडेकाकू समोर.

"हे काय हो भाऊ?"

"वेल चढवायला," तात्या म्हणाले. "जाईचा."

मी तोंडाला पदर लावून आत पळाले.

पितृपक्षात शिरोडेकाकांचं श्राद्ध होतं. मुलगा, अभय, मुद्दाम चार दिवसांची रजा काढून आला होता. शेजार म्हणून तात्यांना जेवायला सांगितलं होतं आणि मी वाढायला गेले होते. भटजी जेवून उठले, काकबळी झाला, घरच्यांची पंगत बसणार, तेवढ्यात फाटकाशी एक जोडपं उभं राहिलं. दोघंही साठीचे. बाईंनी डोक्यावर रुमाल धरलेला, ऊन मी म्हणत होतं.

"इथं एखादं घर विकायचंय का हो? कॉलनी बघायला आलोय, मुलुंडहून," गृहस्थ म्हणाले. "मी दिघे."

काकूंनी त्यांना बोलूच दिलं नाही. "आधी आत या. पितरांच्या दिवशी दारात आलेला माणूस उपाशी पाठवत नाहीत."

आणि बसवलं की पंगतीला! तात्यांच्या शेजारचंच पान. मी खीर वाढली, वडे वाढले, आमसुलाची चटणी वाढली. दिघे मोठे मोकळे, बायको त्यांच्याहून मोकळी. वडे आवडले म्हणून तिनं काकूंना कृती विचारली. जेवता जेवता दिघ्यांनी विचारलं, "इथं पाण्याचं कसं आहे हो?"

पाण्याचं नाव काढलं की आमचे तात्या फुलायचे. "पाण्याची काळजीच नको. गंगापूर धरण इथून हाकेच्या अंतरावर. ह्या गल्लीला प्रेशर असं, की वरच्या टाकीला मोटर लागत नाही. ह्या घराचा पाया तर माझ्या देखत भरलाय. काळा दगड. पिढ्यान्‌पिढ्या हलायचा नाही."

मला वाटलं, हातातली कढीची वाटी त्यांच्या पानात जरा जोरात ठेवावी. पण त्यांना त्यात काही धोका दिसतच नव्हता. पितृपक्षात घर बघतो तो गिऱ्हाईक नव्हेच, नुसता वाटसरू, असं त्यांचं ठाम मत.

मग अभयनं तो प्रश्न विचारला. सहज, ताकाचा पेला ओठाला लावता लावता. "भाऊ, तुमच्या नजरेत आहे का कोणी आमच्या घरासाठी? तुमच्या ओळखीचं असेल तर आईला जास्त बरं वाटेल."

मी वाढता वाढता थांबले. तात्यांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पानाच्या कडेला सांडलेला भात बोटानं आत घेतला आणि म्हणाले, "बघू की. दसऱ्याला बोलू. आज कशाला तो विषय?"

"आहे, त्यांच्या भावाला हवंय" एवढे चारच शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण चार परक्यांत सासऱ्यांचा शब्द खाली पाडायचा? आमच्याकडे ते होत नव्हतं. मी ताक वाढायला पुढं सरकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू पेढे घेऊन आल्या. डोळे भरलेले आणि चेहरा हसरा, दोन्ही एकदम.

"भाऊ, घर दिलं हो त्या दिघ्यांना. सकाळीच इसार झाला. अभय म्हणत होता, थांबू. पण मीच म्हटलं, ह्यांच्या श्राद्धाला, ह्यांच्या पानावर येऊन बसलेलं माणूस आहे. ह्यांनीच पाठवलं. आणि घासाघीस म्हणून केली नाही त्या माणसानं. मुलुंडची जागा विकलीय, म्हणे आम्हाला इथलं सगळं स्वस्तच वाटतं."

तात्या पेढा हातात धरून बसले. मग म्हणाले, "पितृपक्षात?"

"दिवस का वाईट असतात?"

"वहिनी, मी ते घर बापूसाठी... माझ्या भावासाठी मनात धरलं होतं."

काकू खुर्चीवरच बसल्या. पेढ्यांचा पुडा मांडीवर तसाच. "अहो भाऊ! मग बोलायचं ना! काल माझा मुलगा तोंडावर विचारत होता तुम्हाला. बापूंना मी ओळखत नाही का? त्यांची बायको गेली तेव्हा ते इथं येऊन आठ दिवस राहिले, रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसायचे. त्यांच्यासाठी मी वर्षभर थांबले असते. भावही कमी घेतला असता. एक शब्द बोलला असतात!"

एक शब्द. तात्यांनी पेढा टेबलावर ठेवला. तो संध्याकाळपर्यंत तिथंच होता, मुंग्या लागल्या तेव्हा मी उचलला.

बापूकाकांना फोन करायला त्यांना रविवार लागला. मी जवळच होते. तात्या म्हणाले, "बापू, ते शेजारचं गेलं रे." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. तात्या नुसते "हो... हो..." करत होते. शेवटी फोन ठेवून म्हणाले, "म्हणतो, जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस, जेवलास का?" आणि मग ते आत जाऊन झोपले. सकाळी नऊ वाजता कधी न झोपणारा माणूस.

त्यानंतर जे झालं ते तर वेगळंच. दिघ्यांनी दिलेली किंमत गल्लीत फुटली आणि गल्लीला जणू लॉटरी लागली. दसरा-दिवाळीपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "शिरोड्यांच्या घराला एवढं, तर आपल्याला किती?" मुंबईच्या गाड्या रविवारी कॉलनीत फिरायला लागल्या. वळणावरच्या आहेरांनी तर विकायचं नसताना एजंट बोलावून किंमत काढून घेतली. तात्यांनी जिद्दीनं दुसरं घर शोधलं, पुढच्या गल्लीत, मागच्या गल्लीत, गोदावरीपलीकडे. जिथं जावं तिथं शिरोड्यांच्या घराचा भाव आधी येऊन बसलेला. डोंबिवलीचाही वाढला होता, तात्यांनी सांगितला तसा अगदी. पण इथला त्याच्या पुढं धावला. दीड वर्ष लागणारं पाणी दीड महिन्यात आलं.

"तात्यासाहेब, नाशिकला भाव येणार म्हणायचात, ते खरं ठरलं बरं का," आहेर भर रस्त्यात म्हणाले. "तुमच्या बंगल्याची किंमत तर दुप्पट झाली. मानलं तुम्हाला!"

मला भडभडून आलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मी मनात कितीदा म्हटलं होतं त्यांना. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघितला आणि पुन्हा म्हटलं नाही.

बापूकाका तात्यांना म्हणाले, "लांबचं घर नको रे भास्कर. तुझ्या भिंतीला भिंत नसेल, तर मला डोंबिवली काय नि नाशिक काय, सारखंच." मुलीनं इंदूरला बोलावलं होतं. फ्लॅट चांगल्या भावानं गेला. चार पैसे गाठीला राहिले, तात्यांना हवे होते तसे.

दिघे डिसेंबरात राहायला आले. माणसं लाखात एक. वाईट असती तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं. तात्या जाईनात, मी ओढून नेलं.

"इथं येण्याचं श्रेय एका देवमाणसाला आहे," दिघे कपात चहा ओतत म्हणाले. "आमचे साडू डोंबिवलीला असतात. गणपतीत त्यांच्याकडे गेलो होतो. सकाळी बागेत कट्ट्यावर एक गृहस्थ भेटले. मी म्हटलं, मुलुंड विकतोय, कुठं जावं कळत नाही. त्यांनी काय सुंदर समजावलं! म्हणाले, नाशिकला जा. भावाचं आणि पाण्याचं एकच असतं. अजून पाणी टेलला पोचलेलं नाही, आत्ता घ्या. कॉलनीचं नावसुद्धा त्यांनीच सांगितलं. म्हणे माणसं तिथं फार चांगली आहेत."

तात्यांनी कप बशीत ठेवला.

"नाव काय त्यांचं?" मीच विचारलं. कोणीतरी विचारायला हवं होतं.

"विचारायचंच राहिलं बघा. गुडघ्याला पट्टा होता. मी म्हटलंसुद्धा, तुम्ही का नाही घेत तिथं? तर नुसते हसले. म्हणाले, बघू, अजून काही ठरलं नाही."

तोंडाला कुलूप! धाकट्या भावाची हुशारी जगाला कौतुकानं सांगितली आणि स्वतःचं तेवढं घर पोटात ठेवलं, कारण धाकट्यानं सांगितलं होतं, दृष्ट लागते. तात्यांनी चहा पिऊन टाकला. "छान झालाय चहा," ते दिघेबाईंना म्हणाले. घरी येताना मात्र भिंतीपाशी थांबले. विटांवरच्या पेन्सिलीच्या खुणा अजून होत्या. त्यांनी अंगठ्यानं एक घासून बघितली. गेली नाही.

"बापूला हे कळता कामा नये," ते मला म्हणाले. "तो स्वतःला लावून घेईल. चूक माझी, आणि झोप त्याची जाईल."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

इंदूरला जायच्या आधी बापूकाका चार दिवस आमच्याकडे आले. फाटक आमच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, आणि तात्यांनी बोलल्याला जागून खरंच त्याच्या पायाशी जाई लावली होती. ती गजांतून वर निघाली होती. दोघं भाऊ उन्हात खुर्च्या टाकून बसले होते, मी मटार सोलत होते. माझा सगळा जीव भिंतीपलीकडे. तात्यांनी खुर्च्यासुद्धा मुद्दाम आडोशाला टाकल्या होत्या.

पण दिघे कसले ऐकतात? नेहमीप्रमाणे भिंतीवरून डोकं काढून हाक मारली, "तात्यासाहेब, आज गाजरं..." आणि तिथंच थबकले. "अहो! अहो तुम्ही! डोंबिवलीचे तुम्हीच ना ते? कट्ट्यावरचे? टेलचं पाणी?"

बापूकाका वळले. क्षणभर त्यांना ओळख पटली नाही. मग त्यांनी दिघ्यांकडे बघितलं, त्यांच्या मागच्या घराकडे बघितलं, आणि मग सावकाश तात्यांकडे. तात्या मान खाली घालून बसले होते.

मला बापूकाकांचा चेहरा अजून आठवतो. अगदी एखाददुसरा क्षण. नंतर ते काठीवर भार देत उठले आणि भिंतीपाशी गेले.

"घेतलंत का घर? वा, वा. फार चांगलं झालं," ते म्हणाले. "पाणी येतं ना नीट?"

"भरपूर! तुमचे उपकार कसे फेडू? अहो, तुमच्या एका शब्दावर आलो आम्ही. थांबा, हिला बोलावतो." दिघे बायकोला हाका मारत आत पळाले.

बापूकाका तिथंच उभे राहिले. जाईची पानं बाजूला करून त्यांनी फाटक बघितलं. वरचं कमळ बघितलं. मग भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा. शाळेत असल्यापासून तात्यांची फुली त्यांना ओळखता येत असणार.

"भास्कर, हे माझ्यासाठी केलं होतंस?"

तात्यांनी मान डोलावली. ते रडत होते. सत्तरीचा माणूस, लहान पोरासारखा, नाक ओढत. "बापू, माझ्या शहाणपणानं गेलं रे तुझं घर. मी नुसतं गणित करत बसलो."

"गणित तर बरोबर होतं की तुझं," बापूकाका म्हणाले. "मीच ते गावभर सांगत सुटलो. माझा भाऊ किती हुशार आहे, हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं."

त्यांनी फाटकाची कडी सरकवली. नवीकोरी, कधी न वापरलेली, ती खट्ट झाली. फाटक वेलीसकट थोडं पुढं ओढलं गेलं. मागे आमचीच भिंत होती. बापूकाकांनी तिच्यावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि मग कडी जपून पुन्हा लावली.

तेवढ्यात पलीकडून दिघेबाई हलव्याची वाटी घेऊन आल्या. भिंतीवरून ती बापूकाकांनीच हात उंचावून घेतली.